लोटे-महाडपासून जयगडपर्यंत नोकरी शोधताना लिंक्डइन किती कामाचं?

रत्नागिरी, रायगड किंवा सिंधुदुर्गात राहून नोकरी शोधणाऱ्यानं लिंक्डइन हे नोकरी-व्यवसायाच्या ओळखींचं संकेतस्थळ वापरावं का आणि त्याच्या प्रीमियमवर (जादा सोयींच्या सशुल्क खात्यावर) पैसे घालावेत का, या दोन प्रश्नांपुरता हा रिव्ह्यू आहे. उत्तर आधीच सांगतो. वापरावं, पण अर्ज टाकण्यासाठी नव्हे, माणूस शोधण्यासाठी. कुठल्या प्लांटमध्ये आपल्या कॉलेजचं, आपल्या तालुक्याचं किंवा ओळखीच्या ओळखीतलं कोण आहे, हे घरबसल्या दाखवणारं इतकं चांगलं दुसरं साधन नाही. त्यापुढचं काम मात्र फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि समोरासमोरच होतं. प्रीमियम एखाद्या वेळी महिनाभरासाठी घेण्यासारखं आहे, कायमचं मुळीच नाही.

कोणाला उपयोग, कोणाला नाही

कोकणातल्या कारखान्यांची भरती एकाच दारानं होत नाही. केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन यांची पदवी किंवा डिप्लोमा, बीएस्सी-एमएस्सी केमिस्ट्री, क्यूसी-क्यूए (मालाची गुणवत्ता तपासणी), सेफ्टी, अकाउंट्स, एचआर, हॉटेल मॅनेजमेंट असं शिक्षण असेल तर लिंक्डइन चालतं, कारण या जागा भरणारे आणि त्या जागांवर बसलेले दोघेही तिथे असतात. लोटे परशुराम, महाड, रोह्याचं धाटाव, रसायनी, तळोजा इथले रसायनांचे आणि औषधांचे प्लांट, डोलवीचा स्टील प्लांट, जयगड आणि अंजनवेलची वीजकेंद्रं, उरणच्या बंदरावरच्या कंपन्या, या सगळ्यांतली शिफ्ट इन्चार्जपासून मॅनेजरपर्यंतची मधली फळी लिंक्डइनवर सापडते.

आयटीआय फिटर, वेल्डर, एओसीपी (केमिकल प्लांट अटेंडंट) ऑपरेटर, हेल्पर, पॅकिंग या जागा बहुतेक ठिकाणी कंत्राटदारामार्फत किंवा वॉक-इननं भरल्या जातात. कंत्राटदाराचा सुपरवायझर लिंक्डइन उघडून माणूस शोधत नाही. तो आपल्या जुन्या कामगाराला सांगतो, 'उद्या दोन फिटर घेऊन ये.' त्यामुळे आयटीआयवाल्यांनी आधी अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी करावी, डिप्लोमा आणि पदवीवाल्यांनी नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर. लिंक्डइनचं खातं असू द्यावं, पण रोज तासभर त्यात घालवू नये. तारकर्ली, मालवण, गणपतीपुळ्याच्या हॉटेलांतल्या रूम सर्व्हिस आणि किचनच्या जागांचंही तेच. तिथे मॅनेजर आणि शेफ सोडले तर बाकी भरती तोंडी होते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स), कोकण रेल्वे यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांतली नियमित भरती जाहिरात, परीक्षा आणि गुणवत्ता यादी या मार्गानं होते. तिथे ओळखीचा उपयोग जाहिरात वेळेवर कळण्यापुरता आणि अभ्यास कसा करावा हे विचारण्यापुरता. 'मी आत शब्द टाकतो' असं तिथल्या जागेसाठी कोणी म्हणालं, तर पुढचं बोलणं पैशावर येणार हे धरून चाला.

प्रोफाइल: एचआर काय टाइप करतो ते लिहा

लिंक्डइनचे मेनू मराठीत करता येतात आणि सवय व्हायला ते चांगलंही आहे. पण प्रोफाइलमधला मजकूर इंग्रजीतच लिहा, कारण शोधणारा इंग्रजी शब्दच टाइप करतो. नावाखालच्या ओळीला, म्हणजे हेडलाइनला, २२० अक्षरांची मर्यादा आहे. तिथे 'सीकिंग न्यू ऑपॉर्च्युनिटीज' लिहिणारे हजारो आहेत आणि ते शब्द कुठलाच एचआर शोधत नाही. तो शोधतो मशीनचं, प्रक्रियेचं आणि सर्टिफिकेटचं नाव. क्यूसीवाल्यानं 'क्यूसी केमिस्ट, एचपीएलसी, जीसी, एम्पॉवर, बीएस्सी केमिस्ट्री, चिपळूण' असं लिहावं (एचपीएलसी, जीसी ही चाचणीची यंत्रं, एम्पॉवर त्यांचं सॉफ्टवेअर). प्रॉडक्शनवाल्यानं डिस्टिलेशन, हायड्रोजनेशन, नायट्रेशन यांतलं जे खरोखर केलं असेल ते आणि कुठल्या कंपनीच्या डीसीएसवर (प्लांट चालवणाऱ्या कॉम्प्युटर यंत्रणेवर) हात बसला आहे ते लिहावं. सेफ्टीवाल्यानं एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा) झालं असेल तर ते पहिल्या पाच शब्दांत आणावं, बॉयलरवाल्यानं सर्टिफिकेट फर्स्ट क्लास की सेकंड क्लास ते लिहावं. फ्रेशरनं निदान प्रोजेक्ट आणि इंडस्ट्रियल ट्रेनिंग कुठल्या प्लांटला, किती आठवडे केलं हे द्यावं. लोट्यात चार आठवडे घालवलेला मुलगा गॅसचा वास आणि रात्रपाळी बघून पळणार नाही, एवढा विश्वास एचआरला त्या एका ओळीतून येतो.

फोटो पांढऱ्या भिंतीसमोर, उजेडात काढलेला, खांद्यापर्यंतचा असावा. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नको. याहून जास्त यावर बोलण्यासारखं नाही.

ठिकाणाच्या बाबतीत मात्र लिंक्डइनचा सर्च कोकणवाल्यांना सतत चकवतो. 'खेड' टाकलं की रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड आणि पुणे जिल्ह्यातलं खेड यांची सरमिसळ होते. चाकणची एमआयडीसी पुण्याच्या खेड तालुक्यात आहे, त्यामुळे ऑटोमोबाइलच्या जागा दिसायला लागल्या की समजा, तुम्ही घाटावर पोहोचलात. रायगडचं इंग्रजी स्पेलिंग पूर्वीपासून दोन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि त्यातलं एक छत्तीसगडच्या रायगढचंही आहे. तिथेही स्टील आणि वीज प्रकल्प असल्यानं जाहिरात वाचूनही गैरसमज होऊ शकतो. पिन कोड किंवा राज्य पाहिल्याशिवाय अर्ज करू नका. उलट बाजूही आहे. लोट्याच्या जागा कधी खेड, कधी चिपळूण, कधी रत्नागिरी आणि कधी थेट मुंबई या नावाखाली टाकलेल्या असतात, कारण कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत असतं. म्हणून ठिकाणाचा फिल्टर 'महाराष्ट्र' एवढाच ठेवा आणि लोटे, महाड, धाटाव, डोलवी, जयगड हे शब्द सर्चच्या खिडकीत टाका. जाहिरातीच्या मजकुरात ते असतील तर जागा सापडते.

खरी किंमत इथे वसूल होते

लिंक्डइनमधली सगळ्यात कामाची आणि पूर्ण फुकट गोष्ट म्हणजे कॉलेजच्या पानावरचा 'अ‍ॅल्युम्नाय' टॅब. शक्यतो कॉम्प्युटरवर उघडा, फोनवर फिल्टर चाळणं जिकिरीचं होतं. कॉलेजचं नाव शोधा, त्याचं पान उघडा, टॅबवर जा. माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठल्या कंपनीत आहेत, कुठल्या प्रकारचं काम करतात आणि काय शिकले याचे रकाने दिसतील. कंपनीच्या रकान्यात हवी ती कंपनी निवडली की खाली माणसांची यादी येते. तिथल्या सर्चमध्ये 'लोटे' किंवा 'महाड' टाकलं की यादी आणखी आटोपशीर होते.

यात एक खोच आहे. एकाच कॉलेजचं नाव लोक वेगवेगळं लिहितात. रत्नागिरीच्या फिनोलेक्स अकॅडमीचे विद्यार्थी कोणी पूर्ण नाव देतात, कोणी नुसतं एफएएमटी. लोणेऱ्याच्या विद्यापीठाचं कोणी बाबासाहेबांच्या पूर्ण नावानं लिहितं, कोणी 'बाटू'. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर किंवा चिपळूणच्या डीबीजे कॉलेजचे कितीतरी पदवीधर कॉलेजऐवजी 'मुंबई विद्यापीठ' निवडतात आणि मग लाखोंच्या गर्दीत हरवतात. म्हणून कॉलेजच्या पानावर माणूस मिळाला नाही तर साध्या सर्चमध्ये कॉलेजचं आखूड नाव आणि कंपनीचं नाव एकत्र टाकून बघा. फुकट खात्यात असे शोध एका महिन्यात फार केले तर लिंक्डइन अडवतं आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला पुन्हा मोकळं करतं. त्यामुळे आधी कागदावर आठ-दहा कंपन्यांची नावं काढा आणि मग शोधायला बसा.

यादीत कोणाला लिहायचं? जिवलग मित्राला नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ५५.६ टक्के लोकांची आपल्या त्या ओळखीच्या माणसाशी अधूनमधून भेट होत असे, २७.८ टक्के लोकांची क्वचितच, आणि वारंवार भेटणाऱ्यांचं प्रमाण फक्त १६.७ टक्के होतं. कारण सोपं आहे. रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी सदस्यांच्या पाच वर्षांच्या माहितीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही जवळच्या ओळखीपेक्षा बेताच्या सैल ओळखीतून नोकरी बदलण्याची शक्यता जास्त दिसली. अगदीच परका माणूसही तितका कामाचा ठरला नाही, दोघांच्या मध्ये दहाएक सामाईक ओळखी असलेला सगळ्यात उपयोगी पडला.

गणपतीला आणि शिमग्याला भेटणारा चाकरमानी नेमका याच वर्गात येतो. तो घाटकोपरला किंवा विरारला राहतो, काम तळोज्याला करतो, वर्षातून दोनदा भेटतो आणि त्याच्या ऑफिसातलं तुम्हाला काहीच माहीत नसतं. कोकणातल्या माणसाकडे अशा सैल ओळखींची कमी नाही. कमी आहे ती कोण नक्की कुठे आणि कुठल्या डिपार्टमेंटला आहे या माहितीची. 'तो तिकडे केमिकल कंपनीत मोठ्या पोस्टवर आहे' एवढंच गावाला ठाऊक असतं. ती उणीव लिंक्डइन भरून काढतं. वाडीतल्या, मंडळातल्या आणि शाळेतल्या जेवढ्या माणसांची नावं आठवतील तेवढी शोधून बघा.

चिठ्ठी कशी लिहायची

फुकट खात्यात महिन्याला मोजक्याच कनेक्शनच्या (जोडून घेण्याच्या) विनंत्यांसोबत चिठ्ठी जोडता येते आणि तिला २०० अक्षरांची मर्यादा असते. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात, त्यामुळे मजकूर वाटतो त्याहून लवकर संपतो. या मर्यादेत बसणारी चिठ्ठी अशी:

'नमस्कार सर, मी पॉलिटेक्निक रत्नागिरी, मेकॅनिकल, २०२३ बॅच. तुमच्याकडे मेंटेनन्सला ट्रेनी कंपनी घेते की कंत्राटदार, एवढंच विचारायचं होतं. वेळ मिळेल तेव्हा सांगा.'

यात नोकरी मागितलेली नाही, हे महत्त्वाचं. 'सर, प्लीज जॉब द्या' वाचणाऱ्याच्या हातात नोकरी नसते. मग तो काय उत्तर देणार? गप्प बसतो. माहिती मात्र त्याच्याकडे असते आणि ती द्यायला त्याला काही अडचण नसते. कॉलेजच्या सिनिअरला पहिल्या चिठ्ठीत सर किंवा मॅडमच म्हणा. गावातला किंवा शेजारच्या वाडीतला असेल तर दादा, काका म्हणून कोणाचे कोण ते आधी सांगा आणि लिंक्डइनवर लिहिण्यापेक्षा घरच्यांकडून नंबर घेऊन फोन करा. गावच्या माणसाला इनबॉक्समध्ये परकेपणानं लिहिलेलं खटकतं.

उत्तर आलं की दोनच प्रश्न आणखी: ट्रेनी कोणत्या महिन्यांत घेतात, आणि टेस्ट असते की थेट इंटरव्ह्यू. मग फोनवर बोलायची परवानगी मागा आणि शिफ्ट कोणती ते विचारूनच वेळ ठरवा. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला सकाळी दहाला फोन गेला तर ओळख तिथेच संपते. बायोडाटा त्यानं मागितल्यावर पाठवा, एक किंवा दोन पानांचा, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव, शाखा आणि वर्ष देऊन. 'फायनल न्यू २' नावाची फाइल एचआरच्या डाउनलोडमध्ये पुन्हा सापडत नाही. लिंक्डइन प्रोफाइलची आयती पीडीएफ बनवून देतं, पण ती पाठवू नका. तिची मांडणी इंडियन एचआरच्या सवयीची नसते आणि पत्ता, बारावी-डिप्लोमाचे टक्के या इथे हमखास विचारल्या जाणाऱ्या गोष्टी तिच्यात नीट येत नाहीत.

ओळखीनं जाणं म्हणजे मागच्या दारानं जाणं, असं समजून काही मुलं कोणाला विचारायलाच लाजतात. मोठ्या कंपन्यांत रेफरल ही अधिकृत पद्धत असते. कर्मचारी आपल्या एम्प्लॉयी कोडवरून तुमचं नाव आणि बायोडाटा एचआरकडे नोंदवतो. त्यानं एवढंच होतं की तुमचा कागद ढिगातून वर येतो. टेस्ट, इंटरव्ह्यू आणि मेडिकल सगळ्यांसारखंच द्यावं लागतं. एक काळजी घ्या: पोर्टलवर स्वतः अर्ज टाकण्याआधी रेफर करणाऱ्याला विचारा. तुमचं नाव आधीच सिस्टिममध्ये असेल तर पुष्कळ ठिकाणी रेफरलची नोंद होत नाही.

ज्या गोष्टी जमत नाहीत

'ईझी अप्लाय' हे बटण लिंक्डइनचं सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात कमी फळ देणारं अंग आहे. ते दाबायला इतकं सोपं आहे की कानपूर आणि कोईमतूरची मुलंही महाडच्या जागेला दाबून मोकळी होतात. अर्जदारांचा आकडा शंभरापुढे गेला की एचआर स्क्रीनिंगच्या प्रश्नांवरच चाळणी लावतो. तुम्हाला दाबायचंच असेल तर जाहिरात आल्यापासून पहिल्या दिवसात दाबा, 'या ठिकाणी राहायला येऊ शकता का'ला न चुकता उत्तर द्या, आणि त्याच दिवशी त्या प्लांटमधल्या ओळखीच्या माणसाला कळवा. नुसतं बटण दाबून वाट पाहणं म्हणजे वेळ फुकट.

फोटोभोवतीची 'ओपन टू वर्क' (कामाच्या शोधात) ही हिरवी कड फ्रेशरनं बिनधास्त लावावी. सध्या नोकरीत असलेल्यानं लावू नये. शोधात असल्याचं फक्त रिक्रूटरना (भरती करणाऱ्यांना) दिसेल असाही पर्याय आहे आणि ते तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवण्याचा लिंक्डइन प्रयत्न करतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही. एकाच एमआयडीसीतले एचआरवाले एकमेकांना नावानिशी ओळखतात. बातमी दुपारच्या चहाला पोहोचते.

मंडळ आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांची तुलना केल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही, कारण कोकणात लिंक्डइनची खरी स्पर्धा त्यांच्याशीच आहे. वेगात ग्रुप पुढे. वॉक-इनची बातमी, शटडाउनसाठी (प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीसाठी) हवी असलेली माणसं, कंत्राटदाराचा नंबर हे तिथे आधी येतं. विश्वासात मात्र ग्रुप मागे पडतो. जाहिरातीचा फोटो फिरत फिरत महिन्यांनी परत येतो. मेसेजवर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसली की तारीख शोधा, तारीख नसेल तर सोडून द्या. ग्रुपवर बायोडाटा टाकणं टाळा. ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात आणि त्या सगळ्यांकडे तुमचा नंबर, पत्ता आणि जन्मतारीख जाते. मुंबईच्या ग्रामविकास मंडळाचं बळ वेगळं आहे. तिथे शब्दाला वजन असतं, पण मंडळाच्या सेक्रेटरीला तुमचं डीसीएस किंवा एचपीएलसी कळेलच असं नाही. त्यांच्याकडे नोकरी मागण्यापेक्षा नेमक्या माणसाचा नंबर मागा. गणपतीत आरतीला भेट झाली तर तिथे बायोडाटा पुढे करू नका, फक्त फोन करू का एवढं विचारा. माणूस मुंबईला परतल्यावर आठवड्याभरात फोन करा.

प्रीमियम घ्यावं का?

करिअरच्या प्रीमियममध्ये महिन्याला पाच इनमेल मिळतात, म्हणजे कनेक्शन नसलेल्यालाही थेट लिहिता येतं. ९० दिवसांत उत्तर आलं तर ते क्रेडिट परत मिळतं. प्रोफाइल कोणी पाहिलं याची वर्षभराची यादी, इतर अर्जदारांशी तुलना आणि शिकण्याचे कोर्स हे त्यासोबत. कोकणातल्या नोकरीसाठी यातलं कामाचं एकच, इनमेल, आणि तेही तुम्ही आठ-दहा वर्षांच्या अनुभवाचे असाल, मुंबईत किंवा गुजरातेत असाल, गावाकडे परतायचं असेल आणि प्लांट हेडला थेट लिहायचं असेल तरच. 'टॉप ॲप्लिकंट'चा शिक्का प्रोफाइलवरच्या शब्दांवरून लागतो, त्यानं एचआर हलत नाही. फ्रेशरनं तर याच्या वाटेला जाऊच नये. पहिला महिना बहुतेकांना फुकट मिळतो, पण कार्डची माहिती आधी घेतली जाते आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. सुरू केल्या दिवशीच फोनमध्ये रद्द करण्याची आठवण लावा, शेवटच्या दिवसाच्या एक-दोन दिवस आधीची.

फसवणूक

लिंक्डइनवर खोटे रिक्रूटर आहेत आणि निळसर दिसणाऱ्या व्यवस्थित पानामुळे ते खरे वाटतात. नावापुढे व्हेरिफाइडची खूण आहे का, मेल कंपनीच्या डोमेनवरून येतो की साध्या जीमेलवरून, हे आधी पाहा. मग कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून विचारा. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, मेडिकल, गेटपास अशा कुठल्याही नावानं आधी पैसे मागितले तर बोलणं थांबवा.

आखात आणि जहाज या दोन वाटांनी कोकणातली घरं पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत, म्हणून ठग इथेच जास्त गळ टाकतात. आखातासाठी एजंटचं नाव ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलच्या यादीत असलंच पाहिजे आणि त्याचं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त असू शकत नाही. जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी) परवाना हवा, तो डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी तिला खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. उशीर झाला की रक्कम खात्यांतून पुढे सरकते आणि गोठवता येत नाही.

नोकरी लागल्यावर 'ओपन टू वर्क' बंद करा, जागा आणि तारीख प्रोफाइलवर भरा. ज्यानं रेफर केलं त्याला जॉइनिंगच्या दिवशीच फोन करा, कारण पुष्कळ कंपन्यांत त्याच्या नावावर रेफरलची रक्कम असते आणि नवा माणूस ठरावीक महिने टिकल्यावरच ती मिळते. आधीच सोडायची वेळ आली तर एचआरला सांगण्यापूर्वी त्याला सांगा.